उभ्या जहाजाचा चहा

वज्रदेशाने आपलं द्रवरूप गॅसचं जहाज सागरगडाच्या बंदराबाहेर अडवून धरलं. शहरातल्या शेगड्या विझल्या. धमकीलाच मुत्सद्देगिरी समजणारा त्यांचा दूत दुर्जयसेन मिशीला पीळ देत म्हणाला, “बंदरासमोरचं तुमचं बेट आमच्या आरमाराला द्या, मगच गॅस! आम्हाला मुळीच घाई नाही.”

ऊर्जामंत्री इरावतीबाईंनी लाकडांवर उकळलेला, धुरकट चहा त्याच्यापुढे ठेवला.

“आम्हालाही नाही, दूतमहाराज. आमची लाकडं कोठारात टिकतात. तुमचा गॅस मात्र टाकीत उभ्या उभ्या रोज थोडा उकळून उडतो. आणि दुसरं गिऱ्हाईक महिनाभराच्या वाटेवर! बसा निवांत. साखर किती घालू?”

दूताचा चहा तसाच निवला. संध्याकाळी जहाज मुकाट्याने धक्क्याला लागलं. बेट सागरगडाचंच राहिलं आणि घरोघरी शेगडीवर आधण चढलं.