सुगरणीचं सोडलेलं घरटं

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत, त्या काळची गोष्ट. अंड्यावर आलेल्या एका मुनियेला तिथं एक रिकामं घरटं सापडलं. वीण घट्ट होती, आत सावरीचा कापूस होता. पण त्या फांदीवर एकही पाखरू क्षणभर टेकत नव्हतं. तेवढंच तिला खटकलं.

"चिमणवहिनी, हे सोडलं कुणी?"

"फुकट मिळतंय ना? धर्माची गाय, आणि म्हणे दात का नाय!" चिमणी हसली. "पान हललं तरी दचकतेस तू. आज-उद्या अंडी येतील, ती काय वाऱ्यावर घालणार?"

मुनिया दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. दुसऱ्याच्या सोडल्या घराची चौकशी करणं पाखरांत वाईट दिसे. तरी शेंड्यावर बसून ती ओरडली, "अहो, हे घरटं कुणाचं? का सोडलंत?" बाभळीवरचा किलबिलाट एकदम थांबला. लाजत, घाबरत ती ओरडतच राहिली.

शेवटी पलीकडच्या शिंदीवरून एक सुगरण हळूच म्हणाली, "माझं होतं गं, बाई. घरट्यात खोट नाही. पण सापाला त्या फांदीची वाट ठाऊक झालीय."