टिचकी खारीचं दुपटं

एक होती खार. तिचं नाव टिचकी. टिचकीच्या पोटात होतं बाळ. बाळ आतून लाथा मारायचं. ढुश ढुश! ढुश ढुश!

"येतोस का रे आजच?" टिचकी म्हणाली. "थांब हं. तुझं दुपटं आणते."

टिचकीच्या झाडाजवळ एक घर होतं. त्या घरात राहायची हौसामावशी. तिची लेक बाळंतपणाला आली होती. मावशीनं जुनं लुगडं फाडलं. मऊ मऊ दुपटी शिवली. एक चिंधी उरली. ती टिचकीनं उचलली. धुतली. कुंपणावर वाळत घातली.

वारा आला. भुर्र! चिंधी उडाली. गोठ्यात पडली, सुक्या कडब्यावर. आणि तिच्यावर म्हैस बसली. धप्प!

टिचकी गेली म्हशीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"म्हशीबाई, म्हशीबाई, उठता का?
चिंधी मला मिळेना,
बाळाला दुपटं होईना!"

म्हैस रवंथ करत होती. तिनं एकच डोळा उघडला.
"एवढीशी खार, नखरे फार! माझ्या पाठीवर माशी बसलीय. माशीसकट मी उठत नाही. बगळ्यानं माशी टिपली, तर उठेन."

टिचकीनं शेपूट उडवली. "हूं! मोठी आली महाराणी!"
पोटात बाळ, ढुश ढुश!

टिचकी गेली बगळ्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"बगळेबुवा, बगळेबुवा, माशी टिपता का?
म्हैस काही उठेना,
चिंधी मला मिळेना,
बाळाला दुपटं होईना!"

बगळा एका पायावर उभा होता. त्यानं मान आणखी लांब केली.
"एवढीशी खार, नखरे फार! चोच धुतल्याशिवाय मी घास घेत नाही. पाण्याची कुंडी कोरडी पडलीय. मावशीनं पाणी ओढलं, तर टिपेन."

टिचकीनं शेपूट उडवली. "हूं! मोठा आला सोवळा!"
पोटात बाळ, ढुश ढुश!

टिचकी गेली मावशीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"मावशी, अगं मावशी, पाणी ओढतेस का?
बगळा माशी टिपेना,
म्हैस काही उठेना,
चिंधी मला मिळेना,
बाळाला दुपटं होईना!"

मावशीनं कमरेवर हात ठेवले.
"एवढीशी खार, नखरे फार! चिंधीला म्हणे दुपटं! आणि पाणी ओढू कशानं? विहिरीचा दोर त्या शेळीच्या तोंडात. या वयात शेळीमागं धावू मी? तिनं दोर सोडला, तर ओढीन."

टिचकीनं मावशीनं शिवलेल्या दुपट्याकडे बघितलं. तेही जुन्याच लुगड्याचं होतं. टिचकीनं शेपूट उडवली. "हूं! स्वतःच्या नातवाला दुपटं, आणि माझ्या बाळाला चिंधी!"
पोटात बाळ, ढुश ढुश!

टिचकी गेली शेळीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"शेळीताई, शेळीताई, दोर सोडता का?
मावशी पाणी ओढेना,
बगळा माशी टिपेना,
म्हैस काही उठेना,
चिंधी मला मिळेना,
बाळाला दुपटं होईना!"

शेळी दोर चघळत होती. चबक चबक, चबक चबक.
"एवढीशी खार, नखरे फार! तो कोंबडा ऐकलास? सकाळपासून ओरडतोय. कान किटले माझे. चघळलं की जरा कमी ऐकू येतं. तो गप्प बसला, तर सोडेन."

टिचकीनं शेपूट उडवली. "हूं! मोठी आली नाजूक कानांची!"
पोटात बाळ, ढुश ढुश ढुश!

टिचकी गेली कोंबड्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. आता तिला धाप लागली होती.
"कोंबडेदादा, कोंबडेदादा, गप्प बसता का?
शेळी दोर सोडेना,
मावशी पाणी ओढेना,
बगळा माशी टिपेना,
म्हैस काही उठेना,
चिंधी मला मिळेना,
बाळाला दुपटं होईना!"

"कुकूच कू! एवढीशी खार, कुकूच, नखरे फार, कू! माझ्या पंखात मुंगी शिरलीय! गुदगुल्या होतात, कुकूच कू! ती उतरली, तर गप्प बसेन."

टिचकीनं शेपूट उडवली. "हूं! एवढा मोठा तुरा, आणि मुंगीला घाबरतो!"

मग तिनं कोंबड्याच्या पंखात डोकं घातलं.
"मुंगीताई, मुंगीताई, उतरता का?
कोंबडा गप्प बसेना,
शेळी दोर सोडेना,
मावशी पाणी ओढेना,
बगळा माशी टिपेना,
म्हैस काही उठेना,
चिंधी मला मिळेना,
बाळाला दुपटं होईना!"

आतून बारीक आवाज आला.
"उतरले असते गं. पण माझ्याजवळ अंडं आहे. त्याला ऊब लागते. खाली ठेवू कुठं?"

टिचकीला राग आला. तिनं तोंड उघडलं. "एवढीशी मुंगी, नख..."

ढुश! बाळानं जोरात लाथ मारली.

टिचकीनं तोंड मिटलं. मुंगीचं अंडं बघितलं. पांढरं पांढरं, तांदळाच्या कणीएवढं.
"दुपट्याचा एक कोपरा तुझ्या अंड्याला," ती म्हणाली. "चालेल?"
"चालेल? अगं, पळेल!" मुंगी म्हणाली.

आणि मुंगी उतरली. टुक टुक टुक.
कोंबडा गप्प बसला. कुकू... शूऽऽ.
शेळीनं दोर सोडला. थू!
मावशीनं पाणी ओढलं. कुरकुर कुरकुर, छळ्ळ! रहाटही कुरकुरला, मावशीही कुरकुरली.
बगळ्यानं चोच धुतली. मग आणखी एकदा धुतली. मग माशी टिपली. टप्!
म्हैस उठली. हुश्श्श!

खाली होती चिंधी. चपटी झालेली. पण काय सांगू! गरम गरम, ऊबदार! म्हैस इतका वेळ बसली होती ना तिच्यावर.

टिचकीनं म्हशीला हे सांगितलं नाही. उगीच आणखी फुगली असती.

टिचकीनं चिंधी तोंडात धरली. मुंगीनं अंडं तोंडात धरलं. दोघी लिंबाच्या झाडावर चढल्या. सुर्र सुर्र. टुक टुक. ढोलीत दुपटं पसरलं. मुंगीनं कोपऱ्यात अंडं ठेवलं.

आणि बाळ आलं! गुलाबी गुलाबी, डोळे मिटलेलं. दुपट्यात गुडुप्प.

खाली सगळे जमले. मावशी आली, शेळी आली, बगळा आला, कोंबडा आला. म्हैससुद्धा आली.
"बघू, बघू! बाळ कसंय? कुणावर गेलंय?"

टिचकीनं ढोलीतून डोकं बाहेर काढलं.
"शूऽऽ! एक जण निजलाय. आणि एक जण अजून अंड्यात आहे. जा बघू सगळे. आणि पाय वाजवू नका!"

मग कोंबडा मुकाट गेला. बगळा मुकाट गेला. शेळी गेली, मावशी गेली.

आणि एवढी मोठी म्हैस, ती चवड्यांवर चालत गेली. अलगद... अलगद... अलगद.