पाचवीतली सातवी

मंगळवारी सुमित्रा गिरणीत दळण ठेवून परतत होती, तेव्हा बातमी कळली. गल्लीतल्या कन्याशाळेत पाचवीला सहाच मुली होत्या. आणखी आल्या नाहीत तर वर्ग बंद होणार होता.

संध्याकाळी पालक शाळेत जमले. "आधी तुम्ही नाव घाला, मग आम्ही," असं जो तो दुसऱ्याला म्हणत होता. सुमित्रा खिडकीतून मैदान पाहत होती. तिथेच ती आणि तिची ताई परकर खोचून कबड्डी खेळायच्या. ताई गेल्या वर्षी गेली. माती मात्र तशीच तांबडी होती.

हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेचे अध्यक्ष दाजीसाहेब न बोलावता आले होते. "आमच्या वर्गात सत्तर मुली! कबड्डीची ढाल दरवर्षी आमचीच!"

"संघात किती असतात हो, दाजीसाहेब?" सुमित्राने विचारलं.

"सात."

"आणि बाकीच्या?"

"टाळ्या वाजवतात की!"

"मग माझी लेक रेवती इथेच. इथे सहा आहेत, ती सातवी. आमच्याकडे सगळ्याच खेळतील."

हशा पिकला. दाजीसाहेब चहा अर्धाच ठेवून उठले.

"आमची राखीव म्हणून लिहा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि बाईंच्या टेबलाभोवती गर्दी झाली.

रेवतीला मात्र सुमित्राने अजून विचारलंच नव्हतं.