पूर्वेकडच्या काचा

“बुवा, ही काच तुम्ही वर कशी चढवू देता?”

विराज टेंबेने हे विचारलं तेव्हा धारपबुवा चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांनी आधी बिस्कीट खाल्लं.

बुवा कुठल्या मठातले नव्हते. उंच इमारतींच्या दर्शनी काचा पारखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. छातीपर्यंत दाढी आणि बोलणं अगदी मोजकं, म्हणून बालेवाडीच्या त्या साइटवर सगळे त्यांना बुवाच म्हणत. यंदा ते निवृत्त व्हायचे होते. शेजारी उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या टॉवरच्या काचा कोण बघणार, हे तेच ठरवणार होते.

विराज त्यांचा जुना शिष्य. दुसरा टॉवर आपलाच, असं तो धरून चालला होता.

मग काचा पारखायला झरीना बागवान आली. पूर्वेची बाजू तिला मिळाली, विराजकडे पश्चिमेची राहिली. आणि परवा सगळ्यांसमोर बुवा तिच्या कामाला “छान” म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द विराजच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

जळणाऱ्या माणसाला कामाचा भारी उत्साह येतो. विराज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन झरीनाच्या काचा तपासत बसला होता.

“लाटा आहेत त्यांत,” तो म्हणाला. “वर बसवल्या की समोरची बिल्डिंग नागमोडी दिसेल. सगळा माल परत पाठवायला हवा. तिला अजून नजर नाही, बुवा.”

बुवा उठले.

“दाखव.”

पूर्वेच्या काचा लोखंडी स्टँडवर ओळीने उभ्या होत्या, गडद, आरशासारख्या. विराजने आपला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा फळा एका काचेसमोर धरला. काच चांगली असेल तर तिच्यात या पट्ट्या सरळ दिसतात. इथे खालच्या बाजूला त्या चांगल्याच वाकल्या होत्या. विराजला मनातून एवढा आनंद झाला, की तो लपवायला त्याला कपाळावर आठ्या घालाव्या लागल्या.

“हं...” बुवा म्हणाले. “तुझ्या काचा याच फळ्याने पाहिल्यास?”

“माझ्या गेल्या महिन्यातच पाहून झाल्यात. पुन्हा कशाला?”

बुवा पश्चिमेकडे चालू लागले. विराजला फळा घेऊन मागोमाग जावंच लागलं.

त्याने स्वतःच्या काचेसमोर फळा धरला. खालच्या बाजूला पट्ट्या वाकल्या होत्या.

त्याने शेजारची काच पाहिली. तिच्या पलीकडची पाहिली. तिथेही तेच... या काचांवर त्याची सही होती. दुसरा टॉवर राहिला बाजूलाच, आता असलेली नोकरीही जाणार असं त्याला वाटलं.

बुवांनी त्याच्या हातातून फळा घेतला. खालची बाजू वर केली आणि फळा पुन्हा त्याच काचेसमोर धरला.

पट्ट्यांचा वाक वर गेला. खाली पट्ट्या सरळ दिसत होत्या.

“काच तर जागची हलली नाही,” बुवा म्हणाले.

विराजने फळ्याच्या कडेवरून डोळा लावून पाहिलं. फळ्याची एक बाजू फुगली होती.

त्याचा जीव भांड्यात पडला. काचा चांगल्या होत्या, सहीला धोका नव्हता. तो हसलासुद्धा. मग त्याच्या ध्यानात आलं, की म्हणजे पूर्वेच्या काचाही चांगल्याच आहेत. झरीनाला खरोखरच नजर होती. त्याचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

समोरच्या काचेत ते दोघेही दिसत होते. बुवा त्या काचेतूनच त्याच्याकडे बघत राहिले...

“दोन्हीकडचा माल चांगला निघाला,” ते म्हणाले. “मग तोंड का उतरलं तुझं?”

विराजने फळा काखेत घेतला. कुठे बघावं ते त्याला कळेना.

“उन्हात राहिला होता, बुवा... म्हणून वाकला.”

“फळ्याचं कळलं,” बुवा म्हणाले.