चांगुणेचं मडकं

फार फार वर्षांमागे, कंदील हा शब्दसुद्धा करंजखोलच्या खाडीत शिरला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या तोंडाशी दाढा नावाचे खडक होते. अंधारात होडी त्यांच्यावर गेली, की नुसती फळकुटं किनाऱ्याला लागायची. म्हणून होड्या बाहेर असल्या, की बायका सांजेला पणत्या घेऊन वाळूत उभ्या राहायच्या.

एका सांजेला वारा असा सुटला, की पणती टिकेना. बाहेर सात होड्या होत्या. त्यातल्या एकीवर चांगुणेचा नवरा, धर्मा. लाटांमधून हाका ऐकू येत होत्या, पण त्या माणसांना किनारा दिसत नव्हता. चांगुणेनं अकरा वेळा पणती लावली आणि अकराही वेळा ती विझली, असं म्हणतात.

मग ती घरी धावली. पाण्याचं मडकं तिनं रिकामं केलं आणि खिळ्यानं त्याला बारीक बारीक भोकं पाडू लागली.

सासू किंचाळली, "अगं सटवे, मडक्याला भोक मसणात पाडतात! माझा लेक जिता आहे अजून!"

"जिता आहे म्हणूनच, आत्याबाई. पणती द्या इकडे."

सासू पुटपुटत राहिली. पण पणती तिनंच आत ठेवली. ज्योत हलली, वाकली आणि सरळ झाली.

मडकं डोक्यावर घेऊन चांगुणा पाण्यात शिरली. आधी गुडघाभर, मग कंबरभर, मग छातीपर्यंत. "फीर मागं!" बायका ओरडत होत्या. तो उजेड धरून एक होडी आली, दुसरी आली, सहा आल्या. धर्माची येईना. आपल्याच हातानं त्याचं मडकं फोडलं की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेल संपलं, तरी ज्योत विझली नाही, असं म्हणतात. मडकं तापून लाल झालं, केस करपले, पण तिनं मान हलवली नाही.

आणि अंधारातून आवाज आला, "चांगुणे, डोक्यावर चूल घेतलीस काय गं?"

आज करंजखोलमध्ये वीज आहे. तरी होड्या समुद्रात निघायच्या आदल्या सांजेला घरातली सासू नव्या मडक्याला भोकं पाडते आणि सून ते डोक्यावर घेऊन पाण्यात उभी राहते. कंदिलाला तिथं कुणी कंदील म्हणत नाही. अंधारून आलं की म्हणतात, "चांगुणा लाव गं."

आणि कुणी वारलं, तर त्या गावात मडक्याला भोक पाडत नाहीत. भोकाचं मडकं माणसाला परत घरी आणायचं असतं, असं म्हणतात.