चवाळ्यावरची शीग

"सारा कमी करा, तळं खणणाऱ्या मजुरांना जास्त द्या, आणि कोठारातला एक दाणाही घटता कामा नये. आठ दिवसांत!"

करंजगडच्या कीर्तिराज राजाने भर दरबारात हुकूम सोडला आणि पान चघळत बसला. हुकूम सोडणं हेच काय ते काम त्याला बरं जमायचं. शेजारच्या राजाने सारा कमी केला, वर तळंही खणलं, म्हणून भाट त्याचीच स्तुती गात हिंडत होते. ते याच्या पोटात दुखत होतं. बरं, स्वतःचं काही सोडावं, तर रोजच्या बावन्न पदार्थांतली एक चटणीसुद्धा कमी करायची याची तयारी नव्हती.

प्रधान म्हणाले, "महाराज, हत्तीवरचा कर निम्मा करावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. राज्यात हत्ती एकच होता, तो राजाचा. दुसऱ्या शहाण्याने मजुरांना रोज दुप्पट आशीर्वाद द्यायचं सुचवलं. असली अक्कल पोसायला रयत रानात घाम गाळत होती.

मग सर्जेराव कोठावळा पुढे आला. सरकारी कोठाराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत, पण पोट इतकं सुटलेलं की त्या दिसत नसत. तो म्हणाला, "महाराज, धान्य मोजतो तो गोंदा मापाडी. त्यालाच हे करू द्या. नाही जमलं, तर त्याची मापाडकी माझ्या मेव्हण्याला द्या."

राजाला काय, कोणीतरी बकरा हवाच होता. गोंदाला बोलावणं गेलं. बिचारा हात जोडून उभा राहिला. मापाडकी गेली की घरची चूल बंद, एवढंच त्याला कळत होतं. सोबत त्याची मुलगी राही होती. हंगामात मापं मोठ्याने मोजून बापाचा घसा बसला की माप तीच भरायची, त्यामुळे कोठाराच्या दारात काय चालतं ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. मेव्हण्याचं नाव ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"महाराज, हे काम मी करते," ती म्हणाली. "फक्त आठ दिवस मापाखाली अंथरायचं चवाळं माझं असू द्या."

दरबार खो खो हसला. राजाने विचारलं, "चवाळं? ते फाटकं फडकं? त्यावर असतं तरी काय?"

"ते कोठावळेरावच सांगतील."

सर्जेरावाचं हसू ओठांवरच राहिलं. "काही नाही, महाराज. माप भरताना दोन दाणे सांडतात. ज्याचं चवाळं, त्याची सांडलवंड, अशी जुनी रीत आहे. चिमण्यांपुरतं असतं."

"मग चिमण्यांपुरतं ते माझं," राही म्हणाली.

दोन दाण्यांसाठी सर्जेरावाने भांडावं तरी कसं? राजाने होकार दिला.

दुसऱ्या दिवशी शेतकरी साऱ्याचं धान्य घेऊन आले. राहीने आपलं चवाळं अंथरलं आणि माप शीग चढवून, काठावर ढीग येईल असं भरलं. "लाभ!" पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायची मापाड्यांची रीत. मग तिने मापाच्या तोंडावरून फळी फिरवली आणि वरची शीग चवाळ्यावर पडली. दप्तरात सपाट माप लिहिलं गेलं. इथवर सगळं नेहमीसारखं. एरवी ही शीग सर्जेरावाच्या पोत्यात जायची. राहीने चवाळ्याची चार टोकं उचलली आणि सगळी शीग शेतकऱ्याच्या पोत्यात ओतली.

"घ्या काका, सांडलवंड माझी, मी तुम्हाला दिली."

काकांनी पोतं हातात तोलून पाहिलं. दहा मापांमागे एक माप परत! "पोरी, आजवर इथनं घरी जाताना पोतं झटकूनच नेलं बघ."

संध्याकाळी तळ्यावरचे मजूर मजुरी घ्यायला आले. त्यांना शिगेचं माप द्यायचा हुकूम होता आणि दप्तरात शिगेचंच लिहीत. पण फळी इथेही फिरायची, शीग सर्जेरावाकडे जायची आणि मजुरांना सपाट माप मिळायचं. राहीने फळी फिरवली आणि चवाळ्यावरची शीग मजुरणीच्या पदरात घातली.

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी सर्जेराव धापा टाकत दरबारात आला. "महाराज, लूट! या पोरीने शंभर पोती वाटून टाकली!"

राजा तणतणत स्वतः कोठारात गेला. दप्तर उघडलं, पोती मोजली, पुन्हा मोजली. दरवर्षी असतं तेवढं धान्य जागेवर होतं.

"एक दाणा कमी नाही. मग शंभर पोती गेली कुणाची?"

"ज्याची गेली तो ओरडतोय, महाराज," राही म्हणाली. "चिमण्यांच्या दोन दाण्यांची शंभर पोती झाली, हे मोजलंयही त्यांनीच. आम्ही पिढीजात मापाडी, पण इतकं चोख माप आम्हालाही जमलं नसतं."

राजा असा हसला की तोंडातलं पान प्रधानांच्या अंगरख्यावर उडालं.

"म्हणजे सारा कमी झाला, मजुरी वाढली, आणि मला काहीच सोडावं लागलं नाही?"

"नाही, महाराज. आपण होता तसेच राहिलात."

राजाला ती स्तुती वाटली. खूश होऊन त्याने गोंदाची मापाडकी कायमची करून दिली आणि कोठाराच्या किल्ल्या राहीच्या हाती ठेवल्या.

"आणि या सर्जेरावाचं काय करू?"

"तळं खणायला पाठवा, महाराज. आता तिथं शीग मिळते."