कपाळावरून उतरलेलं नाक

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ राज्यात सुभाना नावाचा माणूस रानातला मध गोळा करून पोट भरत असे. एकदा अस्वलाने त्याला गाठलं. जीव वाचला, पण नाक गेलं.

भाचीचं लग्न ठरलं होतं. तिच्या पाठीशी उभं राहायचा मान मामाचा. "असलं तोंड घेऊन मांडवात कसा जाऊ?" म्हणत तो म्हाताऱ्या वैद्यीणबाईंकडे गेला.

बाईंनी नाकाच्या मापाचं पान कापलं. ते उलटं करून त्याच्या कपाळावर ठेवलं आणि कडेकडेने कातडी सोडवली. भुवयांच्या मध्ये मात्र एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली. मग ती कातडी तिथूनच वळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी टाके घालून बसवली. सुभानाने दात आवळून सारं सोसलं.

काही दिवसांनी नव्या नाकावर माशी बसली. सुभानाचा हात झटकन कपाळाकडे गेला!

"बाई, माशी नाकावर आणि गुदगुल्या कपाळाला?"

"कातडीला अजून जुनंच घर आठवतंय, लेका," बाई हसल्या.

लग्न तोंडावर आलं. सुभाना हट्टाला पेटला. "ही पट्टी आता कापाच. लोक हसतील मला."

बाईंनी त्याच्या हाती आरसा दिला आणि पट्टी चिमटीत दाबली. बघता बघता नाक पांढरंफटक पडलं. चिमटी सोडली, तशी त्यावर पुन्हा लाली पसरली.

"अजून त्याला रक्त वरूनच येतंय. आज कापलं, तर वाळून गळेल."

सुभानाने आरसा खाली ठेवला. "राहू दे पट्टी," तो म्हणाला.

तो तसाच लग्नाला गेला. मांडवात काहींनी माना वळवल्या. पण भाची म्हणाली, "मामा, ये ना. तुझ्यासाठीच थांबलेय मी."

लग्न उरकून तो परतला. पुढे एके सकाळी बाईंनी पुन्हा पट्टी दाबली. नाक लालच राहिलं. मग त्यांनी ती कापली आणि सुईचं टोक नाकाला हळूच टोचलं. रक्ताचा एक टपोरा थेंब वर आला.

सुभानाने हात जोडले.

"मला कशाला?" बाई म्हणाल्या. "मी नुसतं वळवलं. जगवलं तुझ्याच रक्ताने."

सुभाना पुन्हा रानात जाऊ लागला. कपाळावर वण तेवढा उरला. अनोळखी माणसं ते नाक जन्माचंच समजत.

लहानथोरहो, नव्या जागी जीव धरेपर्यंत जुना आधार तोडायची घाई कधी करू नये.